मिक्सर-फूड प्रोसेसर

मिक्सर-फूड प्रोसेसर हे एकाच विद्युत मोटरवर मिक्सरची कामे (वाटणे, दळणे, घुसळणे) आणि फूड प्रोसेसरची कामे (चिरणे, किसणे, काप करणे, कणीक मळणे) करून देणारे घरगुती संयुक्त उपकरण होय. मोटर बसवलेला तळभाग, त्यावर आलटून पालटून बसणारी पोलादी भांडी आणि एक रुंद पारदर्शक वाडगा हे त्याचे मुख्य भाग होत. वाडग्यात कामानुसार पाते, किसणीची चकती, कापांची चकती किंवा मळणीचे पाते बसवले जाते.

या उपकरणाकडून अपेक्षित असलेली दोन प्रकारची कामे परस्परविरोधी स्वरूपाची आहेत. बारीक वाटणासाठी अरुंद भांडे आणि अतिशय जास्त वेग लागतो. काप करण्यासाठी व मळण्यासाठी रुंद भांडे, कमी वेग आणि अधिक जोर लागतो. त्यामुळे प्रत्येक संयुक्त यंत्र ही या दोन गरजांमधील तडजोड असते. यंत्राची निवड करताना त्यासोबत मिळणाऱ्या जोडण्यांच्या संख्येपेक्षा ही तडजोड कोणत्या कामाच्या बाजूने झुकलेली आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

संज्ञा

मराठीत ‘मिक्सर’ हा शब्द प्रामुख्याने वाटण करणाऱ्या यंत्रासाठी वापरला जातो. याच यंत्राला दुकानात ‘मिक्सर-ग्राइंडर’, तर हिंदी व दक्षिण भारतीय भाषांत बोलताना ‘मिक्सी’ म्हणतात. अमेरिकेत व युरोपात ‘मिक्सर’ म्हणजे केकचे मिश्रण फेटणारे किंवा पावाचे पीठ मळणारे यंत्र होय. पातळ पदार्थ घुसळणाऱ्या उंच भांड्याच्या यंत्राला तेथे ‘ब्लेंडर’ म्हणतात. परदेशी पाककृती वाचताना किंवा परदेशात यंत्र विकत घेताना या शब्दभेदामुळे गोंधळ होण्याचा संभव असतो. ब्लेंडर हा मुख्यतः पातळ पदार्थांसाठी असतो. भारतीय मिक्सर-ग्राइंडर कोरडे मसाले व घट्ट ओले वाटण यांसाठीही बनवलेला असतो. ‘फूड प्रोसेसर’ या शब्दाने रुंद वाडगा व बदलत्या चकत्या असलेले यंत्र दर्शवले जाते.

इतिहास

यंत्रापूर्वीची साधने

महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक स्वयंपाकघरात ही कामे निरनिराळ्या साधनांत वाटलेली होती. ओल्या वाटणासाठी पाटा-वरवंटा, कुटण्यासाठी खलबत्ता व उखळ-मुसळ, दळण्यासाठी जाते, भिजवलेल्या डाळ-तांदळासाठी रगडा, चिरण्यासाठी विळी आणि नारळ खवण्यासाठी विळीच्या टोकाची खवणी अशी ही विभागणी होती. कणीक परातीत हातानेच मळली जाई. ही सर्व कामे बहुतांशी घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत आणि त्यांत दिवसाचा मोठा भाग खर्ची पडे. विद्युत यंत्राचे सामाजिक महत्त्व या श्रमांच्या संदर्भातच समजून घ्यावे लागते.

पाश्चात्त्य देशांतील विकास

भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवण्याची कल्पना अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील स्टीफन पॉपलॉव्स्की यांच्या नावे नोंदली जाते. १९२२ मध्ये त्यांनी सोडा फाउंटनवरील दुधाची पेये घुसळण्यासाठी असे यंत्र तयार केले. पुढे वाद्यवृंद-संचालक फ्रेड वॅरिंग यांच्या आर्थिक पाठबळाने विकसित झालेला ब्लेंडर १९३७ मध्ये बाजारात आला. ब्रिटनमध्ये केनेथ वुड यांच्या ‘केनवुड शेफ’ या यंत्राने १९५० मध्ये एका मोटरवर अनेक जोडण्या बसवण्याची पद्धत घरोघरी नेली.

फूड प्रोसेसरचा उगम फ्रान्समध्ये झाला. उपाहारगृहांना साहित्य पुरवणाऱ्या पिएर व्हर्दों यांनी तेथील स्वयंपाक्यांचा चिरण्या-किसण्यात जाणारा वेळ पाहून १९६० च्या दशकात ‘रोबो-कूप’ हे व्यावसायिक यंत्र विकसित केले. त्यानंतर त्याची घरगुती आवृत्ती आली. अमेरिकन अभियंते कार्ल सॉन्थायमर यांनी या कल्पनेवर आधारित ‘क्विझिनार्ट’ हे यंत्र १९७३ मध्ये अमेरिकेत सादर केले.

भारतातील विकास

युरोपीय यंत्रे फळांचे रस, सूप व मऊ मिश्रणे यांसाठी बनवलेली होती. सुके खोबरे, धने, मिरच्या, भिजवलेली डाळ असे कठीण किंवा चिवट पदार्थ सतत वाटल्यास त्यांच्या मोटरी जळत. मुंबईत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच निकामी झाला. त्यातून भारतीय वाटणाचा भार सोसणारी मोटर बनवण्याचा प्रयत्न सुरू झाला व ‘सुमीत’ हा मिक्सर जन्माला आला. पुढील दोन दशकांत अनेक मध्यमवर्गीय घरांत ‘सुमीत’ हे मिक्सरचेच दुसरे नाव बनले. चेन्नईत १९७८ मध्ये सुरू झालेली ‘प्रीती’ ही या क्षेत्रातील आणखी एक महत्त्वाची कंपनी असून २०११ मध्ये ती फिलिप्स समूहाने विकत घेतली.

इडली-डोशाच्या पिठासाठी दगडी रगड्याचे विद्युत रूप तमिळनाडूतील कोइंबतूर येथे विकसित झाले. ‘कोइंबतूर वेट ग्राइंडर’ला भौगोलिक निर्देशांक प्राप्त आहे. तमिळनाडू सरकारने २०११ मध्ये पात्र कुटुंबांना मिक्सर, ग्राइंडर व पंखा विनामूल्य देण्याची योजना सुरू केली. वाटण-दळणाचे यंत्र ही चैन नसून घरकामाची मूलभूत गरज आहे, हे या योजनेत गृहीत धरलेले होते.

रचना व कार्यतत्त्व

मोटर

घरगुती मिक्सरमध्ये बहुधा ‘युनिव्हर्सल’ प्रकारची मोटर असते. तिच्या फिरत्या भागाला कार्बन ब्रशांमधून वीज पोहोचते. आकाराने लहान असूनही ती मोठा वेग देते. पाते रिकामे फिरत असताना मिनिटाला १८,००० ते २०,००० फेऱ्यांपर्यंत वेग जाऊ शकतो. ७ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ६६ मीटर, म्हणजे ताशी २३० किलोमीटरांहून अधिक वेगाने फिरते. याउलट वाडग्यातील १८ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असल्यास त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो.

या मोटरीचा एक गुणधर्म निवडीच्या व वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भार वाढला की तिचा वेग उतरतो आणि ती अधिक विद्युतप्रवाह खेचते. प्रवाह दुप्पट झाल्यास तारांच्या वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळे वेग उतरताच त्याचा वाराही कमी पडतो. उष्णता सर्वाधिक निर्माण होते त्याच वेळी थंडावा सर्वांत कमी मिळतो. भांडे काठोकाठ भरून, पाणी न घालता घट्ट वाटण फिरवल्यावर जळका वास येण्याचे कारण हेच होय.

अशा वेळी मोटर वाचवण्यासाठी तळाशी भाररक्षक कळ असते. भार प्रमाणाबाहेर गेल्यास ती वीज तोडते. यंत्र काही वेळ थंड होऊ देऊन, भार कमी करून, ती कळ पुन्हा दाबल्यास यंत्र सुरू होते. ही कळ वारंवार उडत असेल, तर यंत्र नादुरुस्त असेलच असे नाही. त्याला त्याच्या क्षमतेपेक्षा जड काम दिले जात असण्याचीही शक्यता असते.

पोलादी भांडी

मिक्सरसोबत साधारणतः तीन भांडी मिळतात. सुमारे दीड लिटरचे मोठे भांडे ताक, सरबत व पातळ वाटणासाठी, सुमारे एक लिटरचे मध्यम भांडे मसाले व दाण्याच्या कुटासाठी आणि ३०० ते ४०० मिलिलिटरचे लहान भांडे चटणीसाठी असते. पदार्थ पात्याच्या वर आलाच पाहिजे, पण भांडे गच्च भरता कामा नये, हा सर्व भांड्यांना लागू पडणारा नियम आहे. चार मिरच्या व दोन लसूणपाकळ्या मोठ्या भांड्यात टाकल्यास त्या कडेला उडून चिकटतात आणि पाते रिकामेच फिरते. म्हणून लहान कुटुंबात मोठ्या वाडग्यापेक्षा लहान चटणीचे भांडे अधिक उपयोगी ठरते.

वाडगा व चकत्या

वाडगा मोटरीच्या मूळ वेगाने फिरणाऱ्या दांड्यावर थेट बसवल्यास काकडीचे काप होण्याऐवजी तिचा लगदा होईल. म्हणून वेग कमी करण्याची योजना आवश्यक असते. काही यंत्रांत वाडग्याच्या तळाशीच दातेरी चाकांची रचना असते. काही यंत्रांत मोटरीला दोन वेगळ्या जागा असतात, एक वेगवान भांड्यांसाठी व दुसरी संथ वाडग्यासाठी. दातेरी चाकांनी वेग कमी करताना फिरवण्याचा जोर वाढतो आणि कणीक मळण्यासाठी तोच लागतो. केवळ वेगाची कळ खालच्या आकड्यावर ठेवून वेग कमी केल्यास जोर त्याच प्रमाणात वाढत नाही. यंत्रात खरी वेग-घट रचना आहे किंवा नाही, हा संयुक्त यंत्राच्या गुणवत्तेचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय.

कापणे आणि चेचणे यांतील फरक

पाटा-वरवंट्यावर पदार्थ चेचला जातो; मिक्सरमध्ये तो कापला जातो. चेचल्यामुळे पेशी फुटून तेल व रस एकजीव होतात, तर कापल्यामुळे बारीक तुकडे मिळतात. ठेचा, लसणाची चटणी किंवा कैरीची चटणी यंत्रात केल्यास तिचा पोत निराळा लागतो, तो या कारणाने. यंत्र वेगवान असल्याने घर्षणाची उष्णताही निर्माण होते. मसाले एकसारखे दीर्घकाळ फिरवल्यास त्यांतील सुगंधी तेलांचा काही भाग उडून जातो.

भाजलेले शेंगदाणे अखंड फिरवल्यास त्यांना तेल सुटून गोळा होतो. थांबून थांबून, ‘पल्स’ कळ दाबून फिरवल्यास कोरडे कूट मिळते. इडलीचे पीठ मिक्सरमध्ये वाटताना ते तापू नये म्हणून थंड पाणी घालतात. दगडी वेट ग्राइंडर संथ असल्याने पीठ कमी तापते व उडदाची डाळ चांगली फुगते. ज्या घरी आठवड्यातून अनेकदा इडली-डोसा होतो, तेथे हे काम संयुक्त यंत्राकडून करून घेण्यापेक्षा स्वतंत्र वेट ग्राइंडर श्रेयस्कर ठरतो.

कामांची विभागणी

मराठी स्वयंपाकातील नेहमीच्या कामांचा विचार केल्यास यंत्राच्या कोणत्या भागाकडे कोणते काम जाते, हे पुढीलप्रमाणे सांगता येते.

लहान भांडे: ओली चटणी, आले-लसूण, एका भाजीपुरते कांदा-खोबऱ्याचे वाटण.

मध्यम भांडे: दाण्याचे कूट, सुकी खोबऱ्याची चटणी, भाजलेला गोडा मसाला थोड्या प्रमाणात, पिठीसाखर.

मोठे भांडे: सोलकढीसाठी नारळाचे दूध, ताक, फळांचा रस, डोशाचे पीठ.

वाडगा व पाते: कांदा व कोथिंबीर बारीक चिरणे, पालेभाजी चिरणे, उकडलेली डाळ व भाज्या एकत्र करणे.

वाडगा व चकत्या: गाजर, बीट व कोबी किसणे किंवा काप करणे, बटाट्याचे काप, दुधीचा कीस.

वाडगा व मळणीचे पाते: पोळ्यांची कणीक, पुऱ्यांचे घट्ट पीठ.

काही कामे अशा यंत्राबाहेरची आहेत. अख्खी हळकुंडे घरगुती मिक्सरमध्ये टाकल्यास पात्याची धार जाते व जोडणी तुटण्याचा धोका असतो. वर्षभराचा मसाला मोठ्या प्रमाणावर कांडप यंत्रावर, आणि थालिपिठाची भाजणी गिरणीत देणेच सोयीचे असते. पुरण एकजीव करण्यासाठी पुरणयंत्र अनेकांना अधिक समाधानकारक वाटते, कारण त्यात न शिजलेला कण जाळीवर अडकून वेगळा पडतो. यंत्राच्या पात्याखाली तो कापला जाऊन पुरणात मिसळतो. खमंग काकडीसाठी काकडी चोचवली जाते. चकतीवर किसलेल्या काकडीला पाणी लवकर सुटते.

निवडीचे निकष

कामाची नोंद

यंत्र घेण्यापूर्वी घरात आठवडाभर कोणती कामे किती वेळा होतात, याची साधी यादी करणे उपयुक्त ठरते. रोज वाटण व क्वचित किसणे असेल, तर उत्तम मिक्सर-ग्राइंडर व हाताची किसणी पुरेशी होते. रोज पाच-सहा माणसांची कणीक व बऱ्याच भाज्या चिरणे असेल, तर वाडग्याच्या बाजूने भक्कम असलेले संयुक्त यंत्र उपयोगी पडते. हाताच्या बोटांचे किंवा मनगटाचे दुखणे असलेल्या व्यक्तीसाठी मळणे व किसणे ही दोन कामेच यंत्र घेण्याचे पुरेसे कारण असू शकतात. अशा वेळी झाकण किती जोर लावून फिरवावे लागते, भरलेले भांडे एका हाताने उचलता येते का, हेही पाहावे लागते.

वॅटचा आकडा

घरगुती यंत्रे साधारणतः ५०० ते १,००० वॅटची असतात. ७५० वॅट हा प्रचलित मध्यम आकडा आहे. हा आकडा यंत्र किती वीज घेते ते सांगतो, पात्याला किती जोर मिळतो ते सांगत नाही. मोटरीची जडणघडण, वेग-घट रचना, पात्याचा आकार व भांड्याची घडण यांवर प्रत्यक्ष काम अवलंबून असते. ओल्या-सुक्या मिश्र वापरासाठी ५०० वॅटचे यंत्र लहान कुटुंबास पुरू शकते. रोजची कणीक किंवा इडलीचे पीठ अपेक्षित असल्यास ७५० वॅट किंवा त्याहून अधिक क्षमता सोयीची असते.

विजेच्या खर्चाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. ७५० वॅटचे यंत्र रोज १० मिनिटे चालवल्यास ३० दिवसांत सुमारे पावणेचार युनिट वीज लागते. २३० व्होल्टवर असे यंत्र सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, त्यामुळे ६ अँपिअरच्या नेहमीच्या तीन-पिनी सॉकेटवर ते चालते. सॉकेटला भूमितार जोडलेली असणे मात्र आवश्यक असते.

चालू-बंद कालावधी

मिक्सर अखंड चालण्यासाठी बनवलेला नसतो. अनेक यंत्रांच्या माहितीपट्टीवर ‘३० मिनिटे’ असा कालावधी छापलेला असतो व सोबतच्या पुस्तिकेत काही मिनिटे चालवून काही मिनिटे बंद ठेवण्याचे वेळापत्रक दिलेले असते. ‘३० मिनिटे’ म्हणजे यंत्र सलग अर्धा तास चालवता येते, असा त्याचा अर्थ पुस्तिका न पाहता घेऊ नये.

जोडण्यांची संख्या

जाहिरातींत जोडण्यांच्या संख्येवर भर असतो. प्रत्येक जोडणी ठेवायला जागा लागते, वापरानंतर ती धुवावी लागते आणि ती हरवल्यास वेगळी मिळेलच असे नसते. वाडगा धुण्यास लागणारा वेळ हातचिरणीच्या वेळेपेक्षा अधिक असेल, तर तो वाडगा कपाटातच राहतो. एका कांद्यासाठी विळी किंवा सुरीच जलद ठरते; पंधरा कांद्यांसाठी यंत्र. संयुक्त यंत्राचा लाभ मोठ्या प्रमाणावरील कामात दिसतो, म्हणून सणवार व पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरात त्याची किंमत लवकर वसूल होते.

एक यंत्र की दोन

संयुक्त यंत्र ओट्यावरील जागा व एका मोटरीची किंमत वाचवते. परंतु मोटर बिघडल्यास वाटण, चिरणे व मळणे ही सर्व कामे एकाच वेळी थांबतात. स्वतंत्र यंत्रे अधिक जागा व पैसा घेतात, पण प्रत्येक यंत्र आपापल्या कामासाठी घडवलेले असते. लहान घरात, भाड्याच्या खोलीत किंवा वारंवार बदली होणाऱ्या कुटुंबात संयुक्त यंत्र सोयीचे. रोज वाटण आणि रोज मळणी दोन्ही मोठ्या प्रमाणावर असणाऱ्या घरात दोन यंत्रे अधिक काळ टिकण्याची शक्यता असते.

प्रमाणचिन्ह, हमी व सुटे भाग

भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. ४२५० हे मानक घरगुती विद्युत मिक्सरसंबंधी असून आय. एस. ३०२ ही मानकमाला घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसंबंधी आहे. आय.एस.आय. चिन्हासोबत छापलेला परवाना क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल उपयोजनावर पडताळता येतो.

हमीपत्र पाहताना मोटरीची हमी व संपूर्ण यंत्राची हमी यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. मोटरीला दीर्घ हमी असली तरी पाते, झाकण, वाडगा, रबरी रिंग व तळाची जोडणी यांना ती लागू असेलच असे नाही, आणि नेहमी झिजणारे भाग हेच असतात. त्यामुळे जवळच्या बाजारात हे सुटे भाग मिळतात काय, हा प्रश्न हमीच्या वर्षांइतकाच महत्त्वाचा आहे. खरेदीची पावती जपून ठेवणे आवश्यक असते. सदोष वस्तू किंवा नाकारलेली हमी यांबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

परदेशातील वापर

भारतातील यंत्रे २३० व्होल्टवर चालतात. अमेरिका व कॅनडात घरगुती पुरवठा सुमारे १२० व्होल्टचा असतो. भारतातून नेलेला मिक्सर केवळ पिन बदलून तेथे लावल्यास त्याला पुरेशी शक्ती मिळत नाही, आणि तेथील यंत्र भारतात थेट लावल्यास ते जळते. विद्युतदाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर वापरायचा असल्यास त्याची क्षमता यंत्राच्या वॅटपेक्षा पुरेशी अधिक असावी लागते. काही भारतीय उत्पादक उत्तर अमेरिकेसाठी ११० व्होल्टची यंत्रे बनवतात. ओले खोबरे व सुके मसाले यांचे वाटण नित्याचे असलेल्या तेथील मराठी कुटुंबांना हा पर्याय अधिक सोयीचा असतो. ब्रिटन व आखाती देशांपैकी बहुतेक ठिकाणी विद्युतदाब भारतासारखाच असल्याने मुख्यतः पिनेचाच फरक सांभाळावा लागतो.

वापर व सुरक्षितता

या यंत्रामुळे होणाऱ्या इजा प्रामुख्याने तीन प्रकारच्या असतात: पात्याने कापणे, गरम पदार्थाने भाजणे व विजेचा धक्का बसणे.

- गरम डाळ, सूप किंवा टोमॅटोचा रस बंद भांड्यात फिरवल्यास वाफेचा दाब एकदम वाढून झाकण उडू शकते. पदार्थ कोमट होऊ देणे, भांडे एक तृतीयांशापेक्षा अधिक न भरणे व सर्वांत कमी वेगाने सुरुवात करणे आवश्यक असते.
- वाडग्याच्या नळीतून भाजी ढकलण्यासाठी सोबतचा दट्ट्याच वापरावा. बोटे किंवा चमचा वापरू नये.
- पाते अडकल्यास किंवा भांड्यात काही कमी-जास्त करावयाचे असल्यास केवळ कळ बंद न करता पिन काढून ठेवावी.
- धारदार पाती फेसाळ पाण्यात बुडवून ठेवू नयेत; पाण्याखाली न दिसणारे पाते हाताला लागते.
- तळभाग पाण्याने धुऊ नये. तो ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.

चांगल्या संयुक्त यंत्रात वाडगा व झाकण नीट बसल्याशिवाय मोटर सुरू होऊ न देणारी रचना असते. लहान मुले असलेल्या घरात ही सोय अनिवार्य मानली पाहिजे. तिची खात्री दुकानात झाकण अर्धवट बसवून, कळ फिरवून करता येते. अनेक मिक्सरांचा आवाज ८० डेसिबलांहून अधिक असतो. त्यामुळे झोपलेले बाळ किंवा आजारी व्यक्ती असलेल्या लहान घरात आवाज हाही निवडीचा एक निकष ठरतो.

देखभाल

भांडे वापरल्याबरोबर त्यात थोडे पाणी घालून क्षणभर फिरवल्यास पात्याखालील अन्नकण सुटतात. झाकणाची रबरी रिंग काढून धुतली नाही, तर तिच्याखाली बुरशी धरते. पात्याच्या दांड्यातून खाली पाणी झिरपू लागल्यास ते मोटरीत उतरण्यापूर्वीच भांडे दुरुस्तीस देणे श्रेयस्कर असते. यंत्र फिरते पण पाते फिरत नाही, अशा वेळी बहुधा तळाची जोडणी झिजलेली असते. मोटरीतून मोठ्या ठिणग्या दिसणे व वेग कमी-जास्त होणे ही कार्बन ब्रश झिजल्याची लक्षणे असू शकतात. जोडणी व ब्रश हे दोन्ही भाग तुलनेने स्वस्तात बदलता येत असल्याने एवढ्यासाठी संपूर्ण यंत्र टाकून देण्याचे कारण नसते.

दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र नेहमीच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलनाकडे द्यावे. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

सामाजिक संदर्भ

वाटण-दळणाच्या यंत्राने पाट्यावरचे श्रम कमी केले, तरी पाटा सर्वत्र नाहीसा झाला नाही. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावांत, चवीच्या आग्रहामुळे काही घरांत व सणासुदीला अनेक ठिकाणी तो अजून वापरात आहे. यंत्र हाताळण्यास बळ कमी लागत असल्याने घरातील पुरुष व मोठी मुले यांनाही वाटण-चिरणे करणे सोपे झाले. मात्र ही वाटणी आपोआप होत नाही. यंत्रामुळे वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो, हे त्या घरातील कामांच्या विभागणीवरच अवलंबून राहते. यंत्र कोणी निवडावे, या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच मिळते: जी व्यक्ती ते रोज उचलणार, चालवणार व धुणार आहे, तिने दुकानात जाऊन ते स्वतः हाताळून पाहणे सर्वांत विश्वसनीय चाचणी होय.

हे सुद्धा पहा

पाटा-वरवंटा
जाते
खलबत्ता
विळी
वेट ग्राइंडर
विद्युत मोटर
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९